पसरणी घाटात लागणारा पिवळा दिवा : जुन्या पिकअपच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : दीड टनी पिकअप, जून २०१७ ची, बीएस-४, चार सिलेंडर कॉमन रेल डिझेल. नोंदी सुरू केल्या तेव्हा मीटर २ लाख १४ हजारांवर होता. काम वाई, पाचगणी, भिलार, महाबळेश्वर. वर जाताना सिमेंट, किराणा, बांधकामाचं सामान. खाली येताना मिळेल ते, आणि थंडीत स्ट्रॉबेरी. म्हणजे गाडी चढते भरलेली, उतरते बहुतेक हलकी. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ चढाशी बांधलेला आहे.

ज्यांच्या पिकअपचा चेक इंजिनचा दिवा लागतो, जातो आणि पुन्हा लागतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सुरुवातीला काहीच लिहून ठेवलं नाही आणि त्यात दीड महिना घालवला. ऑगस्टच्या नोंदी नंतर आठवून आणि पावत्या बघून लिहिल्यात, सप्टेंबरपासूनच्या त्या त्या दिवशीच्या आहेत.

६ ऑगस्ट २०२३, रविवार

भिलारला २४ पोती सिमेंट, म्हणजे बाराशे किलो. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात पाऊस आणि धुकं. निम्म्या घाटाच्या वर, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदम ढिली पडली. पाय दाबला तरी आरपीएम वर सरकेना. पिवळा दिवा लागलेला. कडेला घेतली, चावी बंद करून पुन्हा चालू केली. ताकद परत आली, दिवा तसाच. दांडेघर नाक्यापर्यंत दुसऱ्यात नेली. पुढे सपाटीला काही त्रास नाही.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली होती आणि मी ती सोडून दिली. त्या सकाळी गाडीला स्टार्टर नेहमीपेक्षा दोन सेकंद जास्त मारावा लागला होता. पावसाळी गारवा असेल असं धरलं.

९ ऑगस्ट

गॅरेजमध्ये स्कॅन, ५०० रुपये. गाडीने साठवलेला दोषाचा कोड पी००८७. रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हवा तेवढा दाब नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिस्त्री म्हणाले, आधी डिझेल फिल्टर बघू. बरोबरच होतं, जुना १८ हजार किलोमीटर झाला होता. फिल्टरखालचा बोल्ट ढिला करून काचेच्या ग्लासात काढलं तर तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी निघालं. नवा फिल्टर ७२० रुपये. हातपंपाने एअर काढली, कोड पुसला. मी खूश.

चूक : कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली माहिती बघायला मी सांगितलं नाही. अशी काही माहिती असते हेच मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

१९ ऑगस्ट

दहा दिवस गाडी ठणठणीत. त्यात वर चार खेपा झाल्या. आज पुन्हा तोच घाट, तोच दिवा. या वेळी १७ पोती आणि वर पत्रे.

ओळखीच्या एका ड्रायव्हरने सांगितलं, बॅटरीची टर्मिनल काढून अर्धा तास ठेव. ठेवली. दिवा गेला. तीन दिवस बरं वाटलं, पण हाती काही लागलं नाही. उलट कोडसोबतची माहितीही पुसली गेली. हे करू नका. बॅटरी काढल्याने दोष जात नाही, पुरावा जातो.

दिवा आपोआप जातो तेव्हाही फसायला होतं. लागोपाठ तीन फेऱ्यांत तो दोष पुन्हा दिसला नाही की दिवा विझतो. कोड मात्र आत राहतो, इंजिन चाळीसेक वेळा तापून गार होईपर्यंत. मी दिवा विझला की गाडी बरी झाली असं समजत होतो.

२६ ऑगस्ट

स्वतःचा स्कॅनर घेतला. ब्लूटूथचा, ईएलएम३२७ म्हणतात तो, ६५० रुपये. आधी अडीचशेवाला आणला होता, तो फोनला जोडला जायचा पण गाडीशी बोलायचा नाही. परत केला. घेताना आपल्या गाडीला तिथेच लावून बघा. पोर्ट स्टिअरिंगच्या खाली, सोळा पिनांचा.

संध्याकाळी मुद्दाम १२०० किलो भरून घाट चढलो. शेजारी पुतण्या फोन धरून. हॅरिसन फॉलीच्या खालच्या वळणांवर दिवा आला. या वेळी काही पुसलं नाही. अॅपमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ नावाचं पान असतं. दिवा लागला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होतं, ते गाडी स्वतः टिपून ठेवते. माझं असं होतं :

आरपीएम २,३५०. वेग २४. इंजिनवरचा भार ९६ टक्के. पाणी ८८ अंश.

एवढ्या चार आकड्यांनी कितीतरी शंका मिटल्या. इंजिन तापलेलं नव्हतं. सपाटीवरचा किंवा आयडलचा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) दोष नव्हता. सगळ्यात जास्त डिझेल लागतं तेव्हाच दाब पडतो.

रेलचा दाब अॅपमध्ये किलोपास्कलमध्ये दिसतो. शंभराने भागलं की बार. आयडलला २८,००० म्हणजे २८० बार, अगदी स्थिर. चढाला पाय दाबला की ११५० ते १२०० पर्यंत जायचा. दिवा लागायच्या आधी पुतण्या ओरडला, ‘काका, नऊशे... आठशे... सातशे.’ मग ताकद गेली.

१० आणि १२ सप्टेंबर

दहाला पुन्हा दिवा. आता मी अधीर झालो होतो. गणपती नऊ दिवसांवर आणि हा आठवडा आमच्या वर्षाच्या कमाईचा. एकाने सांगितलं, रेलवरचा प्रेशर सेन्सर खोटं सांगत असेल, बदलून टाक. मला ते पटलं, कारण ते सोपं होतं. ३,४०० रुपये.

खरंतर माझ्याच फोनवर त्याचं उत्तर होतं. सेन्सर खोटं बोलत असता आणि दाब प्रत्यक्षात ठीक असता, तर आकडा पडताना गाडीची ओढ कमी झाली नसती. पुतण्या नऊशे म्हणाला तेव्हाच मला पायाखाली ढिलाई जाणवली होती. आकडा आणि ओढ एकत्र पडत होती. सेन्सर खरं सांगत होता.

१४ सप्टेंबर

बाराला सेन्सर मी स्वतः बदलला. त्याआधी गाडी रात्रभर बंद होती. रेलच्या जवळ कुठलाही पाना लावायचा तर इंजिन बंद आणि गार हवंच. चालू इंजिनात त्या नळ्यांमध्ये शेकडो बारचा दाब असतो, बारीक धार कातडीत घुसते. हात कापला जातो.

पण कनेक्टर काढताना त्याला घट्ट धरून ठेवणारी प्लास्टिकची कुडी मोडली. चार-सहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं प्लास्टिक, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं आणि तुटलं. तसंच दाबून बसवलं आणि वरून टेप मारली.

आज सकाळी वाईच्या स्टँडजवळ गाडी बंद. चालू होते, बंद पडते. नवा कोड : पी०१९३, सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. हा दोष मी तयार केलेला.

१५ सप्टेंबर

वायरमनने पाच मिनिटांत दाखवलं. अर्थच्या वायरची पिन मागे सरकली होती. कुडी नसल्याने कनेक्टर खड्ड्यात हादरून ढिला झाला. नवा कनेक्टर २२० रुपये, मजुरी ३००. वायर कापून जोडताना त्याने एकेक रंग बघून, सोल्डर करून, वर आवरण चढवलं.

या दोन दिवसांत एका मंडळाच्या मूर्तीचं भाडं गेलं. पोरं पुण्याहून मूर्ती आणायला निघायच्या तयारीत होती, त्यांना आदल्या रात्री फोन करून नाही सांगावं लागलं. तीन वर्षं आम्हीच मूर्ती आणायचो. त्यांनी दुसरी गाडी ठरवली. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

२५ सप्टेंबर

२३ ला पुन्हा पी००८७. म्हणजे सेन्सरने काही झालं नव्हतं. गाडी साताऱ्याला एका डिझेल लॅबमध्ये नेली.

त्यांनी नोझलची, म्हणजे इंजेक्टरची, परत लाइन तपासली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचं आणि बघायचं कुठल्या बाटलीत डिझेल जास्त येतं. एखादा इंजेक्टर आतून झिजला असेल तर त्याची बाटली भराभर भरते आणि रेलमधला दाब तिथून गळतो. माझ्या चारही बाटल्या जवळपास एका रेषेत. ८०० रुपये, आणि हा खर्च मला पटला. यातून इंजेक्टर सुटले.

मग त्यांचं म्हणणं, रेलला दाब देणारा हाय प्रेशर पंप उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, २१ हजार. नक्की त्यानेच जाईल का, विचारलं. ‘करून बघू’ असं उत्तर आलं.

मी नाही म्हणालो. रात्री घरी बसून पहिल्यांदा दोन गोष्टी कागदावर लिहिल्या.

एक, दिवा दर खेपेला लागत नाही. तोच घाट, तेवढाच माल, तरी कधी १२०० बार निमूट धरून गाडी वर जाते. झिजलेला पंप एक दिवस चांगला आणि एक दिवस वाईट असा वागेल का?

दोन, पंप किंवा नोझल झिजले की गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते, कारण गरम डिझेल पातळ होऊन जास्त गळतं. माझी गाडी गरम असताना अर्ध्या सेल्फला चालू व्हायची. वेळ घ्यायची ती रात्रभर उभी राहिल्यावर, तीही एखाद दिवशीच. ६ ऑगस्टची सकाळ तेव्हा आठवली.

रात्रभर उभी राहिल्यावर वेळ लागणं म्हणजे नळीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतंय. आणि ते उतरतं तेव्हा कुठूनतरी हवा आत येते. या गाडीत टाकीत वेगळा पंप नाही, पुढचा पंप तिथूनच ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीला भोक असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली थेंबही दिसत नाही.

१ ऑक्टोबर

टाकीपासून फिल्टरपर्यंतचे रबरी पाइप आणि क्लॅम्प बदलले, २४० रुपये. जुने कडक झाले होते, एकाला वाकवल्यावर भेगा दिसल्या. वाटलं, सापडलं.

खात्री करायला फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप लावला. डिझेल चालणारा, जाड भिंतीचा. पाण्याचा साधा पाइप नको, तो डिझेलने फुगतो आणि क्लॅम्पमधून सुटतो. पाइप ६० रुपये, नवे तांब्याचे वॉशर ४०. इंजिन चालू करून टॉर्च मारला. स्वच्छ, पिवळसर, एकही बुडबुडा नाही. रेस केली, तरी नाही.

वहीत लिहिलं : ‘हवेचा प्रश्न मिटला.’ मोठी चूक. त्या सकाळीच मी टाकी फुल केली होती, दुसऱ्या दिवशी लांबचं भाडं होतं म्हणून. त्याचा अर्थ पंधरा दिवसांनी कळला.

८ आणि १३ ऑक्टोबर

दोन्ही दिवशी दिवा. आठला घाटाच्या सुरुवातीलाच. आता मनात २१ हजारांचा विचार पक्का होत चालला होता. दिवाळीआधी हप्ताही होता.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

आज जे सापडलं ते आप्पांमुळे.

वडील गाडी चालवत नाहीत आता, पण डिझेलची वही त्यांची. २०१७ पासून एकही दिवस चुकलेला नाही. तारीख, मीटर, लिटर, पैसे. निळ्या शाईने, रकाने पट्टीने आखलेले. मी पंपाच्या खर्चाबद्दल बोलत होतो, तर त्यांनी विचारलं, ‘दिवा कुठल्या कुठल्या तारखेला लागला ते सांग.’ मी फोनमधून तारखा वाचल्या. ते वहीत बोट ठेवत गेले.

मग त्यांनी प्रत्येक तारखेला टाकीत किती असेल याचा हिशोब मांडला. शेवटची फुल टाकी कधी, त्यानंतर किती टाकलं, किती किलोमीटर झाले. टाकी ५५ लिटरची, गाडी भरून घाटात साधारण अकराचं अॅव्हरेज.

६ ऑगस्ट, अंदाजे १८ लिटर. १९ ऑगस्ट, १५. २६ ऑगस्ट, २० च्या आसपास. १० सप्टेंबर, १४. २३ सप्टेंबर, २१. ८ ऑक्टोबर, ११. १३ ऑक्टोबर, १७.

सातही वेळा टाकी अर्ध्याच्या खाली. आणि त्याच घाटात निमूट चढलेल्या खेपा बघितल्या तर बहुतेक वेळा अर्ध्याच्या वर. आठला सुरुवातीलाच दिवा लागला, त्या दिवशी सगळ्यात कमी डिझेल होतं.

‘जुलैपर्यंत आपण फुलच करत होतो,’ आप्पा म्हणाले. खरं होतं. पंपावरचं उधारीचं खातं जुलैत बंद झालं. तेव्हापासून आम्ही रोख दोन हजार, पंधराशे असं टाकायला लागलो. वहीत ते स्पष्ट दिसतं, जुलैनंतर लिटरचा रकाना क्वचितच वीस-बावीसच्या वर जातो. भोक कदाचित आधीपासून असेल, ते डिझेलखाली बुडालेलं असायचं.

आम्ही दोघं थोडा वेळ वहीकडे नुसते बघत बसलो.

१८ ऑक्टोबर

टाकी पावभर असताना पारदर्शक पाइपची तपासणी पुन्हा. गाडी चढाला, तोंड वर करून उभी केली. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड.

आयडलला दहा-बारा सेकंदांनी मोहरीएवढा एक बुडबुडा, पाइपच्या वरच्या कडेला चिकटून सरकत यायचा. पुतण्याला रेस करायला सांगितलं. २,५०० ला बुडबुड्यांची माळ लागली, मग दोन-दोन बोटं लांब हवेचे तुकडे. रेस सोडली की पुन्हा मोहरीचे दाणे. मोबाइलवर चित्रण करून मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, ‘टाकीच्या आत आहे.’ बाहेरचे पाइप नवे होते, म्हणून.

२१ ऑक्टोबर

टाकी उतरवायच्या आधी पंप निर्दोष आहे याची खात्री हवी होती. टाकीला फाटा देऊन बाहेरच्या कॅनमधून डिझेल द्यायचं आणि भरलेली गाडी घाटात न्यायची.

पहिला प्रयत्न फसला. दहा लिटरचा कॅन केबिनच्या मागे घट्ट बांधला, त्यातून पाइप फिल्टरला. परतीची लाइन मात्र टाकीला तशीच ठेवली. कॉमन रेल गाडी जेवढं ओढते त्यातलं बरंचसं परत टाकीत सोडते हे मी विसरलो. घाटात चौथ्या-पाचव्या किलोमीटरला कॅन रिकामा, गाडीने एअर धरली आणि बंद. वळणावर त्रिकोण लावून अर्धा तास हातपंप मारत बसलो. मागे एसटी थांबली, चालकाने खाली उतरून बाकीच्या गाड्या काढून दिल्या, त्यांचे आभार.

दुसरा प्रयत्न दुपारी. वीस लिटरचा कॅन, झाकणाला दोन भोकं, ओढणारी आणि परतीची दोन्ही नळ्या त्यातच. ११५० किलो माल. खालपासून दांडेघर नाक्यापर्यंत पाय दाबून. दाब ११६० ते १२१०, कुठेही पडला नाही. दिवा नाही.

पंप चांगला होता, नोझल चांगले होते, सेन्सर जुनाही चांगला होता.

२३ ऑक्टोबर

मिस्त्री आणि मी टाकी उतरवायला बसलो. सकाळी आठ ते दुपारी दोन. त्यातला दीड तास एका पट्टीच्या बोल्टवर गेला. खालचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला हवे होते. टाकीजवळ गॅस कटर लावू दिला नाही, हॅक्सॉ ब्लेडने कापला.

आतलं युनिट म्हणजे वर झाकण, त्याखाली ओढणारी लोखंडी नळी, परतीची नळी आणि काट्याला पातळी सांगणाऱ्या फ्लोटचा हात. वरून बघितलं तर काहीच दिसेना. पंक्चरवाले ट्यूबला करतात तसंच केलं. नळीचं खालचं टोक रबरी बूच लावून बंद केलं, युनिट पाण्याच्या बादलीत बुडवलं, वरून सायकलच्या पंपाने हवा दिली.

झाकणापासून पाच इंच खाली, फ्लोटची पट्टी नळीला जिथे वेल्ड केली आहे त्या सांध्याच्या मागच्या बाजूने बुडबुड्यांची बारीक रेघ निघाली. पुसून नखाने खरवडलं तर गंजाचा एक पापुद्रा आला आणि त्याखाली सुईच्या टोकाएवढं भोक. टाकी आत अकरा इंच खोल. म्हणजे डिझेल अर्ध्याच्या खाली गेलं की भोक उघडं पडायचं. युनिट टाकीच्या पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे चढाला डिझेल मागे सरकलं की आणखी लवकर. आणि चढालाच पंप सगळ्यात जोरात ओढतो. ऑगस्टपासूनचं प्रत्येक कोडं त्या एका भोकात बसलं.

पितळ वितळवून भोक बुजवता येईल का, यावर आमची चर्चा झाली. मिस्त्री नको म्हणाले. आजूबाजूचा पत्राही गंजाने कागदासारखा झाला होता, वर्षभरात शेजारी दुसरं भोक पडलं असतं. नवीन युनिट पुण्याहून मागवलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

गाडी स्टँडवर, टाकी शेजारी पोत्यावर. दरवर्षी दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून देवळापर्यंत नेतो, या वर्षी जागेवरच. आईने गाडीची पूजा केली, मग वाकून टाकीलाही हळदीकुंकू लावलं आणि वर आपट्याचं पान ठेवलं.

टाकी रिकामी होती म्हणून आतून धुऊन घेतली. थोडं डिझेल टाकून हलवायची आणि ओतायची, पाण्याने नाही. तिसऱ्यांदा तळाचा तपकिरी गाळ यायचा थांबला.

२८ ऑक्टोबर

युनिट आलं. २,३५० रुपये, गॅस्केट १२०, मिस्त्रींची दोन्ही दिवसांची मजुरी ७००. बसवण्याआधी तेही बादलीत तपासून घेतलं.

इथेही एकदा उलटं काम झालं. युनिट एक खूण फिरवून बसवलं, फ्लोटचा हात टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्याला अडकला, काटा पावावरच. पुन्हा टाकी खाली. झाकणावरची आणि टाकीवरची खूण जुळवून, टाकी वर चढवण्याआधी वायर लावून काटा हलतो का बघायचं. हे केलं असतं तर दोन तास वाचले असते.

हातपंप कडक होईपर्यंत मारला, गाडी दुसऱ्या सेल्फला चालू. कोड पुसला, पुसण्याआधी सगळी पानं फोनमध्ये जतन केली.

खर्च मांडला. स्कॅनर, फिल्टर, गॅरेजचं स्कॅन, सेन्सर, कनेक्टर, वायरमन, नोझलची तपासणी, बाहेरचे पाइप, पारदर्शक पाइप, वॉशर, युनिट, गॅस्केट आणि मजुरी मिळून १०,१०० रुपये. त्यातले दिवा घालवायला खरे उपयोगी पडलेले युनिट, गॅस्केट, मजुरी आणि पारदर्शक पाइप, ३,२३० रुपये. स्कॅनरचे ६५० धरले तर ३,८८०. फिल्टर बदलायलाच आला होता, बाहेरचे पाइपही बदलायला हवेच होते, ते वाया गेले म्हणणार नाही. सेन्सर आणि कनेक्टर पूर्ण वाया. मूर्तीचं धरून तीन भाडी गेली ती वेगळी.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पंधरा दिवसांत भरलेल्या गाडीने नऊ वेळा घाट चढला, मुद्दाम टाकी पावाच्या आसपास ठेवून. रेल ११५० च्या खाली आला नाही. सकाळचा स्टार्टही एका दमात. पारदर्शक पाइप काढून कायमचा पाइप लावला, कारण तो उन्हातान्हात वर्षानुवर्षं ठेवायचा नसतो. धुऊन हत्यारांच्या पेटीत ठेवलाय.

कुणाला हवा असेल तर एक माहिती : ज्यांच्या गाडीत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे त्यांना ही तपासणी अशी लागू होणार नाही. तिथे नळीत दाब असतो, भोकातून डिझेल बाहेर येतं. आधी आपली गाडी ओढणारी आहे की ढकलणारी, ते बघा.

१० डिसेंबर

मीटर २,२१,३४०. वर २३ पोती सिमेंट, खाली येताना भिलारहून स्ट्रॉबेरी, या हंगामातली माझी पहिली. टाकीत १२ लिटर. हॅरिसन फॉलीच्या खालच्या वळणावर रेल ११९०. अॅपमध्ये एकही कोड नाही, प्रलंबितसुद्धा नाही.

आप्पांनी वहीत डाव्या बाजूला नवा रकाना आखलाय, ‘टाकीत शिल्लक’. संध्याकाळी त्यात १२ लिहिलं.